मामीच्या शालूची गाठ

आधीच सांगतो, मी पंचांग उघडतो ते फक्त सुट्ट्या बघायला. अंगात येणं, करणी, भुतंखेतं... सगळं थोतांड, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. तरी हे लिहितोय, कारण ती कवळी आठवली की अजून माझा घास खाली उतरत नाही.

साल पासष्ट-सहासष्टच्या आसपासचं. बालाघाटला मी सरकारी कचेरीत कारकून होतो. गणपतीत तिथली मराठी मंडळी नाटक करायची, त्यात मी प्रॉम्प्टर. त्या वर्षी तर नाटकही माझंच होतं – पहिलंवहिलं.

माझा सख्खा मामा तरुणपणी फिरत्या नाटक कंपनीत बायकांच्या भूमिका करायचा. त्याच्या चालीवर लोक फिदा असायचे, असं तोच सांगायचा. पुढे कंपनी बुडाली आणि मामा राजेगावला येऊन शेती करू लागला. म्हणजे शेती जानकीमामी करायची, मामा आरशापुढे बसायचा.

मामीला एखादी गोष्ट विसरायची नसली की ती पदराच्या टोकाला गाठ मारायची. डावखुरी होती, म्हणून तिची गाठ उलटी पडायची. आम्ही भाचरं त्यावरून तिला चिडवायचो. त्या उन्हाळ्यात ती गेली. जाण्याआधी तिनं मामाकडून एकच वचन घेतलं – लग्नातला हिरवा शालू पितृपक्षात अविधवा नवमीला कुसुमला द्यायचा. कुसुम त्यांची एकुलती एक, लामत्याला दिलेली. मामा “हौ” म्हणाला. मी खाटेशेजारीच उभा होतो.

श्रावणात मामा बालाघाटला हजर. वीस वर्षांच्या नायिकेचं काम मीच करणार, म्हणाला. वय अठ्ठावन्न, तोंडात एकही दात नाही, पोट पुढे. पण गावातली एकही मुलगी स्टेजवर यायला तयार नव्हती, आणि मला माझं नाटक व्हायला हवं होतं. तालमीला त्यानं पिशवीतून मामीचा शालू काढला. मी विचारलं, हा तर कुसुमचा ना?

“पेटीत सडून राह्यला होता,” तो म्हणाला. “एक डाव घालतो, मंग देतो तिले.”

मी वही उघडून पहिला अंक सुरू केला.

काय ते ध्यान! सुरकुत्यांत पावडरची पुटं, त्यातून वाहणारा घाम, काखेत पिवळा पडलेला शालू. मध्येच कवळी काढून चहाच्या पेल्यात खळबळायचा आणि तीच बोटं पावडरीच्या डब्यात घालायचा. पहिल्या दिवशी शालूच्या पदराला गाठ होती, ती त्यानं सोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती. तिसऱ्या दिवशीही. म्हातारा स्वतःच मारतो आणि विसरतो, असं मी धरून चाललो.

बायकांसाठी दुपारचा प्रयोग होता. लख्ख ऊन, त्यामुळे अंधारावर ढकलायची सोयच नाही. तिसऱ्या अंकात नायिका पाटावर बसून रडते. मी विंगेत, दोन हातांवर. त्याचा पदर माझ्याच बाजूला पसरलेला. मी मुद्दाम टोक पाहिलं – गाठ नव्हती. मामानं एक वाक्य खणखणीत म्हटलं. पुढच्या वाक्याला तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. ओठ आत गेले. त्यानं बोटांनी तोंड चाचपलं. कवळी नव्हती.

बायका पोट धरून हसायला लागल्या. इतक्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी उभी राहिली. राजेगावची, मामीच्या शेजारची.

“अवो माय, हा तं जानकीचा शालू व्हय.”

हसणं जागच्या जागी थांबलं. एकेक बाई उठून गेली. एक जण जाताना थुंकली. पडदा मीच ओढला.

आत आल्यावर पाहिलं तर पदराच्या टोकाला गाठ होती. ओलसर. मी ती सोडली आणि हातात मामाची कवळी आली – थुंकीनं बरबटलेली, फटींत पानाचे कण. गाठ उलटी होती. मामा उजव्या हाताचा, आणि त्याच्याजवळ त्या वेळी कुणीही गेलं नव्हतं. मी ओकलो. मामानं कवळी घेतली, तिथल्याच बादलीत बुचकळली, तोंडात बसवली आणि विचारलं, “पब्लिक गेली काय? उद्या परत करू.”

नवमीला शालू दोनदा धुऊन मीच लामत्याला नेला. कुसुमच्या कानावर सगळं गेलेलं होतं. तिनं घडी नाकाशी नेली आणि खाली ठेवली.

“दादा, आई सांगत होती तवा तू तेथंच होता नं? मंग काहून चूप बसला?”

नाटक माझं होतं, हे खरं उत्तर. मी म्हणालो, “विसरलो गं.”

तिनं माझ्याकडे बघितलं आणि शालू माझ्याच पुढ्यात सरकवला. म्हणाली, “मले नको. तुमच्या नाटकाचं लुगडं हाय हे.”

मामाही आता नाही. शालू तेव्हापासून माझ्या पेटीत आहे, मी तो कधी उलगडला नाही. गेल्या दिवाळीत साफसफाईला पेटी उघडली, तर पदराला गाठ. उलटी. घरात मी एकटाच राहतो, आणि पेटीची किल्ली माझ्या जानव्याला असते. कशी पडली, मला सांगता येत नाही.

अजून सोडलेली नाही. बोट लावलं तेव्हा ती ओली लागली.