चार तुकड्यांचा तंबू

हाइन्के फोल्मर्स हट्टी बाई, हे आधीच सांगितलेलं बरं. नवरा गेला, मुलगा विंडहुकला नोकरीला लागला, शेजारच्या जर्मन कुटुंबांनी एकामागून एक फार्म विकले. ही मात्र नामिबियाच्या उत्तरेला, औट्यो गावाजवळ आपल्या गुरांमध्ये पाय रोवून बसली.

कपाटात तिने पन्नास वर्षं एक काळं जाड कापड जपलं होतं. नामिबियातल्या जर्मन पोरापोरींच्या स्काउट पथकात तंबू चार तुकड्यांचा असे. प्रत्येकीने आपला तुकडा पाठीवर वाहायचा आणि मुक्कामाला पोचल्यावर चौघींनी मिळून जोडायचा. एक कमी पडला की झोपा उघड्यावर. शाळा संपली तेव्हा हाइन्के, आन्त्ये, झीग्रून आणि ऑर्ट्रूड यांनी एकेक तुकडा घरी नेला. चौघी जमू तेव्हाच तंबू उभा करायचा, असं ठरलं. आन्त्ये आणि झीग्रून जर्मनीला गेल्या, ऑर्ट्रूड केपटाउनला. जमणं राहूनच गेलं.

सत्तरी आली तशी हाइन्केने तिघींना पत्रं धाडली: जुलैत या, आता नाही तर कधीच नाही. मग तिने तीन खाटा मांडून घेतल्या. तीस वर्षं त्या घरात राबणारी रोझालिया तोंडाची फटकळ.

"बाई, उत्तर आलं का कुणाचं?"

"येईल."

"चादरी दोनदा धुतल्यात मी. कुणी आलं नाही, तर मीच झोपते तिथे!"

जुलैत पोस्टात दोन पार्सलं आली. एकात आन्त्ये आणि झीग्रून, दोघींचे तुकडे. गुडघे दुखतात, प्रवास झेपत नाही, आता चारही तूच सांभाळ, असं लिहिलं होतं. दुसरं ऑर्ट्रूडच्या मुलीचं. आईला आता कुणी ओळखू येत नाही, हे कापड कशाचं ते तुम्हालाच ठाऊक.

तिघींचं कापड आलं होतं, त्या मात्र येणार नव्हत्या. हाइन्के पोस्टाबाहेर गाडीत बसून मनसोक्त रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने बाभळीखाली चारही तुकडे जोडले. बोटांना सगळं आठवत होतं. पण तंबूच्या शेंड्याला बांधून फांदीवरून टाकलेला दोर ओढला, की तंबू गुडघ्याएवढा वर यायचा आणि पुन्हा बसायचा. तीनदा बसला.

रोझालिया हात पुसत आली. "सरका, बाई. हे एकटीचं काम नव्हे."

"तुला काय माहीत?"

"नदीकाठी तुमचा कॅम्प पडायचा तेव्हा पाणी कोण भरायचं? आई नि मी. रोज बघायचे मी तुम्ही कसा ओढता ते."

हाइन्केने खूप आठवून पाहिलं. पाण्याच्या बादल्या आठवल्या, भरणारी पोर आठवेना. तिला शरम वाटली.

दोघींनी जोर लावला आणि तंबू उभा राहिला. हाइन्के आत शिरली.

"ये ना, रोझालिया. जागा आहे."

रोझालियाने वाकून आत पाहिलं. "तेव्हा बोलावलं असतंत तर धावत आले असते," ती म्हणाली. "आता नातवंडं जेवायची थांबलीत, बाई."

दोर खुंटीला पक्का बांधून ती घरी गेली. एवढी जागा मोकळी असताना हाइन्के दाराशी डावीकडे, आपल्या जुन्या जागेवरच अंग चोरून बसली.