बायांची वाट

त्या दिवशी सकाळपासून मी आमच्या गावदेवीला, मातामायला, एकच मागत होते, पाणी थांबव. आणि पाणी चढतच होतं. श्रावणभर पोथी वाचली होती, सोमवार धरले होते, गावाबाहेरच्या तिच्या ओट्यावर न चुकता दिवा लावला होता. दुपार व्हायला आली तेव्हा नदी मारुतीच्या देवळामागे दिसायला लागली, आणि माझ्या मनात आलं, आपण इतकी वर्षं दगडाशीच बोलत होतो की काय. खरं सांगते, राग आला होता मला. पोरगी शोभा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा महिना लागलेला, आणि देवीला पूर आताच सुचला होता.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव वडनेरकडच्या अंगाला, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला नाला. घरचं किराणा दुकान, थोडी शेती. आमचे मालक हिंगणघाटला माल भरायला गेले होते, ते तिकडेच अडकले. मागे घरात मोठं माणूस म्हणजे माझे भासरे, मालकांचे थोरले भाऊ. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्याशी थेट एक शब्द बोलले नव्हते. काही सांगायचं असलं की पोरांच्या तोंडून सांगायचं, पोरं नसली तर भिंतीकडे पाहून. तेही भिंतीलाच उत्तर द्यायचे. आमच्याकडे सगळ्याच घरांत तशी रीत होती, त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

भासरे गावच्या पूर कमिटीत होते. उन्हाळ्यात तहसीलचे साहेब आले, चावडीवर बैठक झाली, आणि पूर आला तर गावानं कसं निघायचं ते ठरलं. बस येते त्या रस्त्यानं, नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, ओलांडून, पलीकडच्या शाळेत. बैठकीत सगळे पुरुष होते, बायांनी घरून चहा पाठवला. ठरवली ती वाट चुकीची नव्हती, सकाळीच निघालो असतो तर. पण सकाळी कोण निघतं? पूर आला की माणूस आधी पाण्याकडे पाहत नाही, शेजाऱ्याकडे पाहतो, हे मी त्या दिवशी शिकले. पाटलांच्या घरी अजून चूल पेटलेली आहे, म्हणजे घाई नाही. पाटलीणबाई म्हणे, दुकान अजून उघडं आहे, म्हणजे घाई नाही. आणि आमच्या दुकानात ही गर्दी, कोणाला काडेपेटी हवी, कोणाला गूळ. मग बैल सोडा, कोंबड्या झाका, कुलूप शोधा. एवढ्यात नदीचं पाणी नाल्यात उलटं शिरलं आणि रपटा बुडाला.

रपटा बुडाल्याचं कळलं तरी सारं गाव तिकडेच धावलं. माणूस जीव वाचवायलाही ओळखीच्याच रस्त्यानं पळतो. काठावर ही झुंबड, पुढे गढूळ पाणी, आणि कोणालाच माघारी फिरायचं सुचेना. भासऱ्यांनी ट्रॅक्टर आणवला. ट्रॉलीत गादी टाकली.

"आधी शोभाले बसवा," ते म्हणाले. "पाणी अजून चाकाच्या खालीच हाये. ट्रॅक्टर निंगून जाते."

पोरीवर त्यांचा भारी जीव, वाईट चिंतून नव्हते बोलत ते. शोभानं माझं मनगट घट्ट धरलं. "आई, मले भेव लागून राह्यलं." मी पुन्हा मनात मातामाय म्हटलं. आता पाणी थांबव असंही म्हणवेना, नुसतं नाव घेतलं.

त्या गर्दीत एक बांगड्यावाली होती. आदल्या दिवशी बस आली नाही म्हणून अडकलेली, मातामायच्या ओट्यावरच मुक्काम केला होता तिनं. आमच्या गावात तिला याआधी कोणी पाहिलं नव्हतं. तिनं पाण्याकडे पाहिलं, ट्रॉलीकडे पाहिलं, आणि बांगड्या घ्या म्हणून ओरडतात त्याच आवाजात आम्हाला विचारलं, "बायाहो, तुमी पहाटे बाहेर कुठी जाता?"

असा प्रश्न चारचौघांत कोणी विचारत नाही. सगळे पुरुष उभे होते. आम्ही साऱ्या आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिलो.

"पावसाळ्यातबी जात असान ना," ती म्हणाली. "चिखलात कोनी बसत नाई. उंच जागा असनच कुठीतरी."

जागा होती. गोठ्यांच्या मागून एक पांदण जाते, ती बायांची गोदरी, परसाकडची जागा. पुरुष तिकडे मान वळवूनही पाहत नसत. तिकडे दिसलेल्या माणसाला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्यामुळे ही पांदण काटेरी कुंपणाशी संपते असंच त्यांना वाटायचं. ती संपत नाही, आणि तिला नालाही आडवा येत नाही. काड्या वेचायला आम्ही पुढे जात होतो, वर बरडाच्या माळावर, थेट महादेवाच्या देवळापर्यंत. पुरुष त्याच देवळात रपटा ओलांडून, मोठा वळसा घेऊन यायचे. दोन्ही वाटा एकाच महादेवाला जातात हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि आम्ही ते सांगायचं तरी कोणत्या तोंडानं?

शोभाचा एक पाय ट्रॉलीच्या लोखंडावर होता. मी भासऱ्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"मोठे भाऊजी, तिले त्याच्यात बसवू नका. आमची वाट हाये. गोदरीतून वर महादेवाले निंगते."

माझाच आवाज मला ओळखू येईना. त्यांनाही माझ्याकडे पाहून बोलायची सवय नव्हती. ते ट्रॅक्टरवाल्याकडे पाहून म्हणाले, "बायांच्या गोदरीतून गाव नेऊ म्हनते का हे?"

"हो जी," मी म्हटलं. "जीव राह्यला तं मंग लाजू."

तोवर बांगड्यावालीनं शोभाच्या काखेत हात घालून चालायला सुरुवात केली होती. मागून बाया, मग लेकरं, मग म्हातारी माणसं. पुरुष मात्र पांदणीच्या तोंडाशी थांबले. मागे पाणी गल्लीत शिरलेलं, तरी खरंच थांबले. डोळे कुठे ठेवावे तेच कळेना बिचाऱ्यांना.

बांगड्यावाली वळून म्हणाली, "खाली पाहून चाला जी. लाजेनं नाई, घाणीनं."

कोणीतरी हसलं, आणि त्या हसण्यानं त्यांचे पाय हलले. भासरे सगळ्यांच्या शेवटी आले, धोतराचा सोगा हातात धरून.

चढण फार नाही, पण निसरडी होती. शोभा तीनदा बसली, आम्ही तीनदा उठवली. देवळाशी पोचून खाली पाहिलं तर रपटा कुठे होता तेही सांगता येईना. ट्रॉली वाहत जाऊन बाभळीच्या शेंड्यांत अडकली होती आणि तिच्यातली गादी लोंबत होती. भासरे तिकडे पाहून, उपरणं तोंडाशी धरून रडले. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहत होते. मीही रडले.

गावातली अर्धी घरं बसली, जनावरं गेली, आमचं दुकान गाळानं भरलं. माणूस एकही गेलं नाही. शोभा पंधरवड्यानं हिंगणघाटच्या दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी झाली. बांगड्यावाली मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाला न सांगता बरडावरून मोठ्या रस्त्याकडे निघून गेली, ती पुन्हा कधी आली नाही. बाया म्हणतात ती मातामायच होती. शिकलेले लोक हसतात. देवळात तिनं माझ्याकडून चहा मागून घेतला, वर साखर कमी आहे म्हणून कुरकुरली, हे मी स्वतः पाहिलं आहे. मी कोणाशीच वाद घालत नाही. देवीनं चहा पिऊ नये असं कुठे लिहिलं आहे?

पुढच्या उन्हाळ्यात तहसीलचे साहेब पुन्हा यायचे होते. भासरे अंगणात आले आणि भिंतीकडे न पाहता, माझ्याकडे पाहून म्हणाले, "सूनबाई, चावडीवर या. सोबत बायाइले आना. वाट तुमालेच सांगा लागन." मी गेले. साऱ्या पुरुषांसमोर गोदरीची वाट साहेबांना तोंडानं सांगितली.

मी त्या दिवशी पाणी थांबव म्हटलं, ते थांबलं नाही. शरण जाणं म्हणजे हात जोडून गप्प बसणं, असं मला वाटायचं. आता तसं वाटत नाही. देवीला द्यावं असं माझ्याजवळ एकच होतं, माझी भीड. ती तिनं भर गावात मागून घेतली आणि बदल्यात माझी पोर आणि नात माझ्या हाती दिली. गोदरीच्या त्या वाटेनं जाताना मी आता चप्पल काढते. शेजारणी हसतात, तिथं कशाला म्हणून. हसू देत.