झाकलेल्या कालव्याचा वाटाड्या

सुरेखाताई ऑकलंडला गेल्या त्या धाकट्या भावाला पुण्याला परत न्यायचं मनाशी पक्कं करूनच. कोथरूडच्या फ्लॅटमधली मागची खोली त्यांनी रंगवून घेतली होती, बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले होते. आई गेली तेव्हा दीनानाथ शाळेत होता. त्याला ताईंनीच वाढवलं. आता साठी उलटता उलटता त्याची नजर पूर्ण गेली होती, बायको, आनंदी, आजारपणात गेली होती आणि मुलगी ओवी नोकरीपायी दूर वेलिंग्टनला, जॉन्सनव्हिलमध्ये राहत होती. परक्या मुलखात आपला भाऊ एकटा चाचपडतोय, हे चित्र ताईंच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

त्या येणार म्हणून ओवी सुट्टी काढून आली होती. विमानतळावर ताईंनी दीनानाथचं मनगट जे धरलं, ते माउंट रॉस्किल उपनगरातल्या त्याच्या घराचं दार येईपर्यंत सोडलं नाही.

घरात त्यांनी लगेच ताबा घेतला. त्याच्या हातून किटली काढून घेतली, सुरी काढून घेतली. तिसऱ्या दिवशी, तो शेजारच्या डेअरीतून दूध आणायला गेला असताना, त्यांनी मांडणीवरचे डबे पुसून नीट उंचीप्रमाणे लावून ठेवले. संध्याकाळी दीनानाथने केलेल्या चहात साखरेऐवजी मीठ पडलं. ताईंनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला. बघा, याला साखर-मीठ कळत नाही.

दीनानाथने मांडणीवरून बोटं फिरवली, मग हसून म्हणाला, "ताई, तू माझं घर हलवलंस."

ताई ओशाळल्या. ओवीने एकेक डबा उघडून पुन्हा जागच्या जागी ठेवला आणि भांडी विसळताना हळू आवाजात आत्याला सगळं सांगितलं. तिला मराठी सगळं कळे, पण बोलताना अर्धं इंग्रजी येई.

दीनानाथ रस्त्याखालच्या पावसाळी गटारांची आखणी करणारा इंजिनियर. ऑकलंडमधल्याच माउंट वेलिंग्टन भागातल्या ऑफिसात त्याने वीसएक वर्षं काढली. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं दिसेना, मग समोरचं जग नळीतून पाहावं तेवढंच उरलं. एका संध्याकाळी घरी येताना त्याची गाडी उभ्या गाडीला घासली. त्याने किल्ली ओवीच्या हातात दिली आणि पुन्हा मागितली नाही. पुढे नोकरीही सोडली. आनंदीचं आजारपण त्याच सुमारास. ती गेल्यावर तो दोन वर्षं घरात बसून होता.

"बाबा वॉज लाइक फर्निचर, आत्या," ओवी म्हणाली. "आय मीन, बोलायचेच नाहीत."

मग पांढऱ्या काठीने चालायला शिकवणारी एक बाई घरी येऊ लागली. लोसा तिचं नाव, मूळची सामोआची, आवाज खणखणीत. अंगणात शिकवून झाल्यावर ती त्याला शहरात क्वीन स्ट्रीटवर घेऊन गेली, कारण तो रस्ता सरळ समुद्राकडे उतरतो. पावसाची सर नुकतीच येऊन गेली होती. एका जाळीपाशी दीनानाथ थांबला. खाली पाणी खळखळत होतं. नोकरीत असताना जुन्या नकाशांवर पाहिलेली एक रेघ त्याला आठवली. शहर वसलं तेव्हा इथे उघडा कालवा होता. आज त्याच्यावर दुकानं, बँका आणि बसथांबे आहेत. दीनानाथ तिथेच उभ्या उभ्या लोसाला त्या कालव्याची हकीकत सांगू लागला. त्याचं बोलणं संपल्यावर ती म्हणाली, "हे मला एकटीला का सांगतोस? लोकांना सांग."

त्याने कालव्याच्या वाटेने पायी फेरी काढायला सुरुवात केली. पहिल्या फेरीला दोन माणसं आली, त्यातली एक लोसाच. आता दर बुधवारी लोक यायचे, परगावचे, परदेशचे.

"म्हणजे आंधळा माणूस डोळसांना गाव दाखवतो?" ताईंनी विचारलं. त्यांना हे ऐकवेना. लोक बिचारा म्हणून येत असतील, असं त्यांना वाटलं.

"यू शुड गो," ओवी एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिला परतायचं होतं.

बुधवारी बहीण-भाऊ डॉमिनियन रोडच्या बसने शहरात गेले. मायर्स पार्कमध्ये, उंच ताडांच्या खाली, लोक जमले होते. नेल्सन गावचं एक निवृत्त जोडपं, तीन चिनी विद्यार्थिनी, आणि जॅंडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून आलेला एक उंच, दाढीवाला माणूस. "किया ओरा," दीनानाथने माओरी भाषेत नमस्कार केला आणि ताईंना तो आवाज ओळखूच येईना. घरात हळू बोलणारा माणूस हा नव्हे.

"तुम्ही जो कालवा पाहायला आलात तो दिसत नाही," त्याने सुरुवात केली. "म्हणजे आज आपण सगळे सारखेच." नेल्सनचे आजोबा मोठ्याने हसले.

ही बाग म्हणजे ओढ्याची घळ, त्याने सांगितलं. इथले मूळचे माओरी लोक या ओढ्याला वाय होरोटिउ म्हणत. होरोटिउ हा या पाण्याचा राखणदार. पुढे गोरे लोक आले, त्यांनी ओढ्याला लाकडी फळ्यांचे काठ बांधले, त्याला एका साहेबाचं नाव दिलं आणि हळूहळू त्यात सगळ्या शहराची घाण सोडली. काठावर दारूचे गुत्ते होते. रात्री झिंगलेली माणसं त्यात पडत. वास असा, की शेवटी विटांची कमान घालून सगळं झाकून टाकलं. "पाणी गेलं नाही," तो म्हणाला. "आपण फक्त त्याच्या डोक्यावर उभे राहिलो."

आणि मग तो चालू लागला. काठी डावी-उजवीकडे टेकत, एका लयीत. चौक आला की थांबून वाऱ्याची झुळूक कुठून येते ते बघे, कॉफीच्या दुकानाच्या वासावरून वळे. क्वीन स्ट्रीटवर एका जाळीपाशी त्याने सगळ्यांना वाकायला लावलं. विद्यार्थिनी फुटपाथवर चक्क गुडघे टेकून बसल्या. ताईही वाकल्या. बसच्या घरघरीखाली, खोलवर, पाणी वाहत होतं. नीट ऐकू येत होतं. ताईंच्या अंगावर काटा आला.

तरी त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हताच. त्या त्याच्या बाजूने, अर्धा हात पुढे करून चालत होत्या. व्हल्कन लेनच्या तोंडाशी कोणी तरी आदल्या दिवशी दुरुस्तीचं कुंपण उभं केलं होतं. काठी त्याच्या खालच्या फटीतून गेली आणि दीनानाथची नडगी लोखंडावर आपटली. तो कोसळला. काळा चष्मा उडाला, तळहात खरवडून रक्त आलं.

ताईंनी धावत जाऊन त्याला खांद्याला धरून उठवलं, दोन्ही हातांनी कवटाळलं. "पुरे झालं. चल घरी. टॅक्सी बोलाव," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं साठलेलं सगळं त्यांच्या आवाजात आलं. मराठी न कळणारी माणसंही दोन पावलं मागे सरकली.

दीनानाथचा श्वास जोरात चालला होता. चेहरा पांढरा पडला होता. तो घाबरला होता, आणि ते लपवतही नव्हता.

"ताई, हात सोड," तो म्हणाला. "तू मला धरलंस की तू मला ढकलतेस. मला तुझा दंड धरू दे. तू फक्त उभी राहा."

ताईंनी हात सोडले. त्याने त्यांचा दंड शोधला, कोपराच्या वर हलकेच पकडला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं इंग्रजीत म्हणाला, "मी पडताना फिरलो. तोंड कुठे आहे ते मला कळत नाहीये. समोर काय दिसतं, सांगा."

एक विद्यार्थिनी म्हणाली, भिंत. नेल्सनच्या आजी म्हणाल्या, उजवीकडे अरुंद गल्ली, वर चढत गेलेली. दाढीवाल्याने चष्मा पुसून त्याच्या हातात दिला. दीनानाथ ताईंकडे वळला. "आणि उतार कुठे आहे, ताई?"

ताईंनी पाहिलं. गर्दी, काचा, पाट्या. रस्ता त्यांना सपाटच वाटला. "मला नाही कळत रे."

"डोळ्यांनी नको. पायांनी बघ."

त्या थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. हळूहळू उजव्या टाचेपेक्षा डावी टाच खाली आहे असं जाणवलं. "डावीकडे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे कालवा डावीकडे गेला. चला."

आणि खरंच सगळे निघाले. नेल्सनच्या आजींनी रुमाल त्याच्या हाताला बांधला. ताई पुढे, त्यांचा दंड धरून अर्ध्या पावलाने मागे तो, असे ते फोर्ट स्ट्रीटपर्यंत उतरले. तिथे थांबून दीनानाथने सांगितलं, की एके काळी समुद्र इथपर्यंत होता, कालवा इथेच खाऱ्या पाण्याला मिळे, पुढचं सगळं भराव घालून केलेलं. दाढीवाला कितीतरी वेळ डांबराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी इथे बत्तीस वर्षं राहतोय, मेट." आणि दीनानाथचा बरा हात त्याने दोन्ही हातांत घेतला. ताईंनी त्या माणसाचा चेहरा पाहिला. त्यात कीव औषधालाही नव्हती.

लोक पांगल्यावर दोघं धक्क्यावर जाऊन बसले. कागदातले गरम चिप्स मध्ये ठेवले होते, सीगल पायांशी घुटमळत होते.

"मी तुला न्यायला आले होते," ताई म्हणाल्या.

"माहीत आहे. ओवी बोलली."

"मग गप्प का राहिलास?"

"आधी एकदा माझ्याबरोबर चाल, म्हटलं."

ताईंनी एक चिप उचलली, खाल्ली नाही. "आणि उद्या असाच पडलास, आणि कोणी नसलं तर?"

"तर पडेन," तो म्हणाला. "खोटं नाही सांगत. काही सकाळी अंथरुणातून उठावंसं वाटत नाही. आनंदीचा आवाज ऐकू येतो की काय म्हणून कान लावून पडून राहतो. पण इथला प्रत्येक कठडा मला ओळखतो. पुण्यात तू मला जपशील, आणि मी त्या खोलीतला होऊन जाईन."

ताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याला ते दिसलं नाही, पण कळलं असावं, कारण त्याने चिप्सचा कागद त्यांच्याकडे सरकवला.

ताई मार्चपर्यंत राहिल्या. लेकाने फोनवर मामाचं काय ठरलं विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "त्याचं इथे काम आहे." दर बुधवारी त्या फेरीला जात. पुढे नाही, सगळ्यांत मागे. कोणी दुकानाच्या काचेपाशी रेंगाळलं की हाक मारत, वाकायची वेळ आली की पाठ धरून पहिल्या वाकत. एकदा एका ऑस्ट्रेलियन बाईने विचारलं, तुम्हीही गाइड आहात का?

"नो, नो," ताई पदर सावरत म्हणाल्या. "सिस्टर." आणि पुढच्या जाळीकडे बोट दाखवून त्यांनी तिला कान लावायला सांगितलं.