आईने हेस्तियाला नमस्कार केला

आज सकाळचं हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दोन वर्षं मी हेस्तियाची पूजा करते. ही प्राचीन ग्रीकांची चुलीची देवी. इथे आखातात, झिंजमधल्या माझ्या फ्लॅटमध्ये ओट्यावर ऑलिव्ह तेलाचा दिवा लावते, भाकरीचा पहिला तुकडा तिच्यापुढे ठेवते आणि कामावर जाते. घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. महिनाभरासाठी कुडाळहून आलेली आई आज लवकर उठली आणि तिने मला हात जोडून उभं असलेलं पाहिलं.

“ह्या कोणाचा गो?”

मी सांगून टाकलं. आता रडारड होणार, हे गृहीत धरलं होतं.

“मूर्ती खंय आसा?”

“मूर्ती नसते. ज्योत हीच देवी.”

आईने ज्योतीकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे.

“आणि तू चपला घालून उभी? काढ आधी!”

तिने स्वतःच्याही काढल्या, एक्झॉस्ट पंखा बंद केला आणि वाकून नमस्कार केला. हलणारी ज्योत सरळ झाली. पंख्याची हवा थांबली म्हणून, ते मला कळतं. हवेतली गळती पकडणारे गॅस डिटेक्टर तपासणं हेच माझं काम आहे. तरी अंगावर काटा आला. त्या ज्योतीसमोर मी पहिल्यांदाच एकटी नव्हते.

तुम्ही लपवलेला देव घरच्यांना कळला, तेव्हा काय झालं?