पाच तांब्यांची उतरंड

लातुरातल्या माझ्या खोल्यांमध्ये आता शिकवणीची पोरं भाड्यानं राहतात. त्यांचे आईबाप येऊन विचारतात, चाचणीत मार्क कमी पडले की आमचं लेकरू दोन दिवस जेवत न्हाई, काय करावं? मी कपाटातून पाच तांबे काढून दाखवतो. ते मला येडा समजून चहा न पिताच उठतात.

भूकंपानंतरची गोष्ट. तेव्हा आम्ही रेणापुरात होतो आणि गल्लीत कुणी दोन मिनिटं एका जागी टिकत नव्हतं. एसटी गेली तरी सगळे अंगणात. एकदा मी असा पळालो की कंधारच्या किल्ल्यापाशी दम घेतला. बायको म्हणते, कोपऱ्यावरच्या लिंबापाशी; पण तिला अंतराचा अंदाज कमी.

घरोघरी फळीवर तांब्यावर तांब्या रचलेला असायचा. जमीन हलली की आधी तो पडणार, मग आवाजानं माणसं बाहेर. आमच्याकडे पाच होते. आमची पाच वर्षांची पोरगी दारातून त्या उतरंडीकडं टक लावायची, पण उंबरा ओलांडायची नाही. अंगणातल्या पत्र्याच्या शेडात झोपून तिचा खोकला हटेना, थंडी तोंडावर आलेली, आणि उचलून आत न्यावं तर किंकाळी पार उदगीरपर्यंत.

शेवटी शेजारच्या कल्हईवाल्या चाचांनी मलाच झापलं, "तुम्ही रचून राहिले, म्हणून ती डरून राहिली. तिलाच रचू द्या की."

पहिल्या दिवशी तिनं उंबऱ्यावर एक तांब्या ठेवला आणि पळाली. मग दोन. तिसरा काही केल्या टिकेना. माझा हात मदतीला शिवशिवायचा, चाचा बाहेरून डोळे वटारायचे. पडायचे, ती पळायची, परत यायची. रोज वीतभर आत. असं करत स्टुलावर चढून फळीपर्यंत पोचली.

एका दुपारी पाचही खणखणत कोसळले. मी ताटावरून उडालो तो थेट लिंबाखाली, मागोमाग बायको. तिथं ध्यानात आलं, पोरगी आतच आहे.

मी लिंबाचं खोड धरून उभाच. तेवढ्यात ती दारात आली, हातात तांब्या.

"बाबा, मीच पाडले. या आत. खालचा धरा, पाचवा बसत न्हाई."

मी गेलो. खालचा तांब्या दोन्ही हातांनी धरला.

"हलू नका की," ती म्हणाली.