विलाससाठी राखलेलं पार्टिशन

"तात्या, त्याला वेगळी जागा कशाला?" मी तिसऱ्यांदा विचारलं. तात्यांनी तिसऱ्यांदा ऐकलं नाही.

काटेवाडीत तात्यांचं दूध संकलन केंद्र होतं. प्रत्येकाच्या दुधाचं माप आणि फॅट त्यांची मुलगी सुनंदा कॉम्प्युटरवर चढवायची. मशीन थोरल्या मुलाचं, विलासचं. तो अमेरिकेला गेला, मशीन मागं राहिलं. फ्लॉपीबरोबर येणाऱ्या व्हायरसनं सुनंदा वैतागली, तेव्हा विलासनंच फोनवर सांगितलं की लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकून घ्या, तिला व्हायरस सहसा लागत नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं. बारामतीत लिनक्स टाकून देणारा माझ्या माहितीत मी एकटाच, त्यामुळे मला जरा शिंगं फुटली होती.

लिनक्स टाकण्याआधी हार्ड डिस्कचे भाग आखावे लागतात. त्यांना पार्टिशन म्हणतात. एक सिस्टिमला, एक छोटंसं स्वॅपला, म्हणजे मेमरी कमी पडली की उसनी जागा म्हणून, आणि उरलेलं माणसांच्या कामाला. एकदा आखलेला भाग वाढवणं फार किचकट. म्हणून आधीच विचारायचं, वापरणार किती जण?

"दोघं," तात्या म्हणाले. "सुनंदा आन् इलास."

डिस्क जेमतेम अर्ध्या जीबीची. एकाच भागात दोघांचं काम मावतं, तो आला की पाच मिनिटांत सोय करून देतो, असं मी समजावलं.

"आल्यावर बघू म्हनलं की मानूस येत न्हाय," तात्या म्हणाले. "जागा हाय म्हनल्यावर येतंय."

सुनंदानं मला डोळ्यांनीच 'जाऊ दे' म्हटलं. मी दोघांना सारखे भाग काढले आणि विलासच्या भागाला त्याचं नाव दिलं.

वर्षभरात सुनंदाचा भाग भरला. नोंदींची रोज एक जादा कॉपी ठेवायची शिस्त मीच तिला लावली होती. एका सकाळी मशीन नवी नोंद घेईना. मी पोचलो तेव्हा बाहेर किटल्यांची रांग होती आणि ती पाठकोऱ्या कागदांवर मापं लिहीत होती. शेजारचा भाग तसाच रिकामा. मला तात्यांचा राग आला होता, चार शब्द सुनवायचे ठरवूनच आलो होतो. पण ते पडेल चेहऱ्यानं मशीनपाशी बसलेले दिसले आणि मी सरळ कीबोर्ड पुढं ओढला.

जुन्या कॉप्या फ्लॉपीवर काढते, दादाचा भाग राहू द्या, असं सुनंदाच म्हणाली. तात्यांनी हातानंच तिला थांबवलं.

"त्यानं तितं घर घेतलंय," ते म्हणाले. "परवा फोनवर बोलला. आता हितली जागा पोरीला देऊन टाका तुमी."

मी सगळ्या जुन्या कॉप्या विलासच्या भागात हलवल्या. नाव बदलून 'डेअरी' ठेवू का, असं सहज विचारलं.

"नाव तेवढं ऱ्हाऊ द्या."

तात्यांना इंग्रजी वाचता यायचं नाही. स्क्रीनवर विलासचं नाव कुठलं, एवढं त्यांनी माझ्याकडून समजून घेतलं. पुढं मी कधीही गेलो तरी स्क्रीनवर त्याच जागी बोटाचे डाग असायचे. सुनंदा कुरकुरत ते पुसायची.

हल्लीही पार्टिशन आखताना मी माणसं किती ते विचारतो. समोर तात्यांच्या वयाचं कुणी असेल, तर उत्तरातून एक वजा करतो. त्यांना सांगत मात्र नाही.