आत्याने न धुतलेली चादर

आमच्या ग्रहाला सूर्य दोन, पण उघड्यावर गवताची काडी म्हणून उगवत नाही. वारा तर अंग सोलून काढतो. माझी आत्या मात्र खूश, कारण तिची लॉन्ड्री आहे. "कपडे कसे खडखडीत वाळतात!" म्हणते. डाग दिसला की तिचं डोकं फिरतं.

मध्यंतरी वाळत घातलेल्या एका चादरीवर हिरवा डाग पडला. आत्याने तो घासघासून काढला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! चिडून तिने ब्रश उचलला आणि तिचा हात थबकला. डागाला इवलासा कोंब फुटला होता.

"अगंबाई, हा तर जिवंत आहे!" आत्या ओरडली. सगळी वस्ती नाचत आली.

आता आत्या रोज त्या डागाला पाणी घालते. चादरीचा मालक मागायला आला, तर म्हणाली, "थांब की जरा, अजून नीट मळली नाही."